मागच्या बाकावरून

लोबात्सेच्या हायकोर्टात मोबाईल आत नेऊ देत नाहीत.
दारावरचा शिपाई तो ट्रेमध्ये ठेवतो,
बदल्यात पत्र्याचा बिल्ला देतो. माझा आज सतरा.
पेन्सिल चालते. वही चालते.
कान कुणी जमा करून घेत नाही,
पण आत बसल्यावर कळतं,
तेही बाहेर ठेवले असते तरी चाललं असतं.

मोरापेडीहून अकरा माणसं आलीत,
पहाटे तीनच्या गाडीनं, डांबरी लागेपर्यंत धूळ खात.
खांद्यावर ब्लँकेटं, कारण जुलै आहे
आणि इथली थंडी थेट हाडाशी बोलते.
खटला त्यांच्या बोअरचा.
कंपनीनं कुंपण घातलं,
गुरं तारेला नाक लावून उभी राहिली.
एवढं मी मागच्या बातमीत लिहिलं होतं.
संपादकानं गुरं कापली.

लोकांसाठी बाकं दोन.
एकावर कंपनीचे शिकाऊ वकील, पाच,
कोटांना अजून दुकानाच्या घड्या.
दुसऱ्यावर सहाजण मावले, मला सातवी करून.
उरलेले पाच भिंतीला टेकले.
शिपाई म्हणाला, उभं राहता येणार नाही.
मग?
मग बाहेर. दार उघडंच आहे ना.

खरं होतं. दार उघडं होतं.
त्यातून न्यायमूर्तींचा चष्मा दिसत होता
आणि हीटरची घरघर स्पष्ट ऐकू येत होती.

काय म्हणाले? शेजारचे रा गाओलाथे कुजबुजले.
परिशिष्ट नऊ.
म्हणजे?
एक कागद आहे.
आणि पाणी?
पाण्याचं अजून निघालं नाही.

त्यांनी मान हलवली, जशी
परक्याच्या घरी आळणी जेवणावर हलवतात.
गावात खोत्ला भरतो तेव्हा
ज्याला ऐकू येत नाही तो आपलं स्टूल उचलतो,
पुढे सरकतो.
कुणाला विचारत नाही.

अकरा वाजून वीस मिनिटांनी
म्मा केलेबोन्ये उभी राहिली.
तिच्या नावाचा अर्थ आहे, मी पाहिलंय.
ती न्यायमूर्तींना म्हणाली,
आमच्या भाषेत, शेळ्या हाकतानाच्या आवाजात,
रा, जरा मोठ्यानं बोला.

शिपाई धावला. शिकाऊ वकील एकदम लहान मुलं झाले.
दुभाष्यानं टाय चाचपला:
याचं भाषांतर करायचं, की हे घडलंच नाही?
काय म्हणतायत त्या? न्यायमूर्तींनी विचारलं.
मिलॉर्ड, त्यांना ऐकू येत नाही.

न्यायमूर्तींनी समोरच्या माईककडे पाहिलं.
बराच वेळ.
वर्षानुवर्षं टेबलावर असलेल्या फुलदाणीकडे पाहावं तसं.
मग बटण दाबलं. माईक किंचाळला,
दाराबाहेरचे पाचजण दचकून मागे सरले,
आणि अख्ख्या दालनात, व्हरांड्यात, पार जिन्यापर्यंत
त्यांचा आवाज घुमला, खणखणीत, इंग्रजीत:
पुढची तारीख बारा सप्टेंबर.

सगळे उठले. आम्हीही उठलो.

गाडीतळावर, कॉम्बीची वाट बघताना
म्मा केलेबोन्ये म्हणाली, वाच.
काय?
तू लिहिलंयस ते. सगळं.
मी वाचू लागले, आमच्या भाषेत, अडखळत,
परिशिष्टाला शब्द सापडेना.
कुणी डब्यावर बसलं, कुणी दगडावर,
कधी अर्धगोल झाला कळलं नाही.
बाहेर राहिलेल्या पाचांना पुढे जागा दिली.

एवढंच? तिनं विचारलं.
एवढंच.
मध्ये ते दोनदा खोकले होते. माझ्याकडे बघून.
ते कुठंय?

मी गाडीच्या टपाला वही टेकवली, लिहिलं.

संध्याकाळी सत्तर शब्द मिळाले.
गुरं याही वेळी बसली नाहीत.
खोकला ठेवला.